चोरी केली म्हणून थेट ऑस्ट्रेलिया?

प्रश्न: कपडे-भांडी चोरली म्हणून स्कॉटलंडच्या माणसाला ऑस्ट्रेलियाला धाडायचे म्हणे, खरंय का हो? अन् शिक्षा संपल्यावर परत यायचा का?
— एक वाचक, परभणी

उत्तर: खरंय. पण स्कॉटलंडची कोर्टं त्यातल्या त्यात बरी, पहिल्या बारीक चोरीला सहसा जेलच, परत परत सापडला की मग ७ वर्षं, १४ वर्षं नाहीतर जन्मठेप, अन् जहाजात कित्येक महिने. तिकडं कोठडीत बसवायचे नाहीत, रस्त्याच्या नाहीतर एखाद्या जमीनदाराच्या कामाला जुंपायचे, आपल्याकडच्या सालगड्यासारखं, फक्त साल ठरवायचा हक्क नाही. नीट वागला तर मुदतीआधीच 'तिकीट ऑफ लीव्ह' नावाचा मोकळं राहायचा परवाना मिळायचा, मग स्वतःचं कमवून खा. मुदत संपली की परत जायला मोकळा, पण भाडं कोण देणार? बहुतेक तिकडंच राहिले. शेवटचं कैद्यांचं जहाज १८६८ ला पोचलं.