नाल्यातली पानं कुजत नाहीत, गाळ बागेत टाकावा का?

प्रश्न (काटोल तालुक्यातील एक संत्रा बागायतदार): बागेशेजारच्या नाल्यात पडलेली पळसाची पानं पूर्वी कुजून जायची. आता महिनोन्‌महिने तशीच असतात. हा गाळ उन्हाळ्यात बागेत टाकला तर चालेल का?

उत्तर: भाऊ, तपासणी झाल्याशिवाय टाकू नका. पाण्यातलं पान आधी बुरशी मऊ करते, मग किडे ते खातात आणि किड्यांवर मासे जगतात. आपण बुरशी म्हटलं की डिंक्या (खोडातून डिंक गळतो तो रोग), मर, मूळकूज एवढंच आठवतो. पण ही बुरशी झाडाच्या वाटेला जात नाही. तिच्या कितीतरी जातींचे बीजाणू चार हातांचे असतात, वाहत्या पाण्यात पानाला अडकून राहायला.

बुरशीनाशकाला मात्र चांगली-वाईट बुरशी वेगळी ओळखता येत नाही. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. एक टक्का बोर्डोच्या १०० लिटरमध्ये १ किलो मोरचूद, म्हणजे साधारण पाव किलो तांबं असतं. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात जाऊन गाळाला चिकटतं आणि हंगामागून हंगाम साचत राहतं. आधी बुरशीला बीजाणू येणं घटतं, मग नाजूक जाती जातात आणि तग धरणाऱ्या मोजक्याच उरतात. पानं कुजणं मंदावतं ते त्यामुळे. गाळ काळा असून सडका वास येत असेल, तर पाण्यात प्राणवायू कमी असल्याचंही ते लक्षण आहे. मग वरून सांडपाणी येतं का ते बघा.

बोर्डो बंद करा असं मी म्हणणार नाही. डिंक्यावर तो लागतोच. पण पंप आणि ड्रम नाल्यात धुणं आजच थांबवा, हे मी हात जोडून सांगतो. धुवण बागेतच, नाल्यापासून लांब जिरवा. काठावर गवताचा पट्टा राखा. पावसाचं आभाळ असताना फवारू नका. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर सोडतात ती उपयोगी बुरशी) देणार असाल तर तांब्याच्या औषधापासून किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा, नाहीतर पैसे पाण्यात.

गाळाचा नमुना मृद चाचणी प्रयोगशाळेत द्या आणि तांबं, जस्त तपासायला आवर्जून सांगा. नागपूरच्या नाग नदीसारख्या, शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या पात्रातला गाळ तर जड धातूंच्या तपासणीशिवाय भाजीच्या वावरात नकोच.

कुजणं बागेच्या पाण्यामुळेच मंदावतंय का, याचा घरच्या घरीही एक पडताळा घेता येईल. कांद्याच्या जाळीच्या दोन पिशव्यांत सारख्या वजनाची वाळलेली पानं भरा. एक बागेच्या वरच्या अंगाला, दुसरी खालच्या अंगाला पाण्यात दगडाला बांधा. महिन्यानं काढून, धुवून, वाळवून पुन्हा वजन करा आणि दोन्ही आकडे नमुन्यासोबत घेऊन या.