शाईचं फिगर ड्रॉइंग आणि वर डिजिटल रंग

पहिलं म्हणजे मॉडेल समोर असताना रंगाचा विचारच करू नकोस, दोन मिनिटांच्या पोजमध्ये वजन कुठल्या पायावर आहे ते पकडलंस तरी पुष्कळ झालं, आणि आधी पेन्सिलने काढून मग वरून शाई फिरवायची सवय तर सोडच, रेघ मरते त्याने. चुकली तर चुकू दे, शेजारी दुसरी मार. फक्त उजेड कुठून येतोय ते कोपऱ्यात लिहून ठेव.

स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांसकट. नुसता ब्लॅक अँड व्हाइट मोड नको, ड्राय ब्रशची (जवळजवळ कोरड्या ब्रशची) खरखरीत रेघ त्यात पार दातेरी होते. लेव्हल्समध्ये (चित्राचा उजळ-गडदपणा बदलायची सोय) कागद पांढरा कर, पण फिकट रेघा उडेपर्यंत नको.

मग फाईल आरजीबी, म्हणजे रंगीत मोडमध्ये कर (हे विसरलं की रंग करडेच उमटतात आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात), शाईचा लेयर सगळ्यात वर ठेवून त्याचा मोड मल्टिप्लाय (म्हणजे पांढरं दिसेनासं होतं, रेघ तेवढी राहते), मग लॉक, आणि रंग खालच्या लेयरवर. क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पुरेसं आहे. बकेट टूल (एका क्लिकमध्ये बंद आकार भरणारं) इथे फार चालत नाही कारण लाइफ ड्रॉइंगच्या, म्हणजे मॉडेल बघून काढलेल्या चित्राच्या, रेघा मधेच तुटलेल्या असतात आणि रंग सगळीकडे पसरतो, त्यापेक्षा लासोने (हाताने कड फिरवून भाग निवडायचं टूल) मोठे आकार घेऊन भर, रेघेच्या थोडे बाहेर गेले तर उलट छानच दिसतात. सॉफ्ट एअरब्रशने (मऊ कडांच्या ब्रशने) गाल गुलाबी करायचा मोह होईल, तो मात्र आवर, शाईच्या कडक रेघेखाली ते प्लास्टिकसारखं दिसतं. मी तर अंगाला एक रंग, सावलीला एक थंड रंग, बस.