दिवाणी दाव्यासाठी वकील शोधताना त्याचं शिक्षण आणि अनुभव कसा बघावा?

पाचोऱ्याकडे शेती आहे, वाटणीचा दावा टाकायचाय आणि एक वकील स्वतःला 'सिव्हिल स्पेशालिस्ट' म्हणवतात ते खरं कसं समजायचं, असं तुम्ही विचारलंय. मी धुळ्याला दिवाणी बाजूलाच प्रॅक्टिस करतो म्हणून सांगतो.

भाऊ, दिवाणीची वेगळी सनद (वकिलीचा परवाना) नसते. बारावीनंतर पाच वर्षं नाहीतर ग्रॅज्युएशननंतर तीन वर्षं एलएलबी, मग बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद, आणि 2009-10 पासून पुढे पास झालेल्यांना ऑल इंडिया बार एक्झाम. फौजदारीवाल्याचंही कागदावर हेच, त्यामुळे भिंतीवरची डिग्री बघून काहीच कळत नाही.

खरं शिक्षण सीनियरच्या ऑफिसात होतं. आधी नुसतं तारखा घ्या, नकलांचे अर्ज करा, आणि मग एक दिवस सीनियर सातबारे-फेरफार पुढ्यात टाकून म्हणतो दावा लिही, तेव्हा कळतं की एखादा वडिलोपार्जित गट लिहायचा राहिला किंवा लग्न झालेल्या बहिणीला पक्षकारच केलं नाही तर समोरचा वकील कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, नेमकं तेच धरतो. म्हणून सरळ विचारा, ज्युनियरशिप कोणाकडे केली आणि वाटपाच्या दाव्यात उलटतपास स्वतः घेतलाय का. मनाई अर्जावर (दावा चालू असताना समोरच्याला थांबवायचा अर्ज) जोरात भांडणारे खूप भेटतात, पुराव्याला फाईल आली की तारखा मागत बसतात (हे आमच्याच लोकांबद्दल बोलतोय, पण आहे तसं आहे).

अजून एक, शेतजमीन असली तर हुकूमनामा (कोर्टाच्या निकालाचा आदेश) झाला म्हणजे काम संपलं असं नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे प्रत्यक्ष वाटप कलेक्टरकडून होतं, मग मोजणी, ताबा. तिथपर्यंत एखादं प्रकरण नेलंय का ते विचारा. अपील हायकोर्टात गेलंच तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिघांनाही संभाजीनगरचं खंडपीठ, तिथे त्यांचा कोण वकील आहे तेही.

ई-कोर्ट्सच्या ॲपवर जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. नुसता आकडा बघू नका, एकदोन दावे उघडून कोणत्या स्टेजला किती काळ पडलेत ते बघा. वकील तरुण असेल तर नाव कमी दिसेल कारण वकीलपत्र बऱ्याचदा सीनियरच्या नावावर असतं.

आणि कोणी "फी नको, जमीन मिळाली की दहा टक्के द्या" म्हटलं तर चहा पिऊन उठा, बार कौन्सिलच्या नियमात निकालावर अवलंबून फी ठरवायला बंदी आहे.