नवीन लिहिणाऱ्या भावाले

अरे भाऊ, तुही कथा वाचली, जमली हाये, पण त्यातली माय शहरातल्या बाईसारखी काहून बोलते? कापूस वेचणारी बाई उन्हात कशी बोलते ते तुले चांगलं माहीत हाये, कमरेले बांधलेलं फडकं भरलं की ती पाठ कशी ताठ करते, बोंडाच्या टोकानं बोटं कशी ओरबाडतात, सांजच्याले काट्यावर वजन होईस्तोवर कशी उभी राह्यते, तेच लिही ना. निवेदन प्रमाण मराठीत असलं तरी चालते, संवाद मात्र आपल्याच बोलीत ठेव, मी तसंच करतो.

मोबाईलवर टाईप कर, युनिकोडमधेच, नाहीतर संपादकाकडं अक्षरं फुटतात. दिवाळी अंकाले पाठवाचं असन तर जून-जुलैतच पाठव, म्हणजे पेरणीची धामधूम लागायच्या आधीच लिहून ठेवा लागते. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून हाये, त्यांचं 'युगवाणी' हे नियतकालिक आधी वाच, मग कथा पाठव. उत्तर नाही आलं तर खचू नको, बरेच जण नकार कळवतच नाहीत, तोवर दुसरी लिहायले घे. अन् मानधनावर घर चालन असं मनात धरू नको, शेती सुटू देऊ नको.

पुढची कथा झाली की पहिले मायले मोठ्यानं वाचून दाखव, ती जिथं "काय म्हणतं?" म्हणन तिथं पेन्सिलनं खूण कर.