बोटीला उतार नसतो : जुन्या इंजिनाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझे मेहुणे रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर पर्यटकांसाठी वेगवान बोट सुरू करण्याच्या विचारात आहोत. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे 150 अश्वशक्तीचे, सहा सिलिंडरचे, कार्बोरेटरवर चालणारे टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचे) इंजिन आहे. ते 2006 सालचे असून फक्त 420 तास चालले आहे, म्हणजे नव्यासारखेच आहे, असे तो सांगतो. ते घ्यावे का, आणि घेतल्यास नागपूरच्या हवेत त्याची निगा कशी राखावी?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : 420 तास हा आकडा ऐकायला लहान वाटतो, कारण आपण तो नकळत मोटारीच्या मापाने मोजतो. मोटार एकदा वेगात आली की तिच्या इंजिनावरचा भार बराच हलका होतो, उतारावर तर ते जवळजवळ विश्रांतीच घेते. बोटीला उतार नसतो. पाणी सतत मागे ओढत असते आणि इंजिनाला प्रत्येक मिनिट चढण चढल्यासारखे काढावे लागते. हे इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांनी 420 तास चालले असेल, तर त्याच्या 12 कोटी 60 लाख फेऱ्या झाल्या. मोटारीचे इंजिन ताशी 60 किलोमीटर वेगाला मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर तेवढ्याच फेऱ्यांत ती 63,000 किलोमीटर जाईल, आणि तेही कितीतरी कमी भाराने. शिवाय इतक्या जुन्या बोटीवरचा तास मोजणारा मीटर मूळचाच आहे याची खात्री नसते. नव्या फोर-स्ट्रोक इंजिनांच्या संगणकात इंजिन किती तास कोणत्या गतीला चालले याची नोंद असते आणि ती वाचता येते. कार्बोरेटरच्या इंजिनात ती सोय नाही.

म्हणून तासांपेक्षा मोठा प्रश्न असा, की त्या इंजिनातून कोणते पाणी गेले, खारे की गोडे, आणि प्रत्येक सफरीनंतर ते गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुतले गेले का. आउटबोर्ड इंजिन बाहेरचेच पाणी आत ओढून थंड राहते. नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गॅरेजमध्ये किनाऱ्यावरून आलेल्या अशाच एका इंजिनाचे थर्मोस्टॅटचे, म्हणजे तापमानानुसार थंड पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेचे, झाकण मी उघडले होते. बाहेरून रंग चकचकीत होता, पण आत चुन्यासारखा पांढरा, कडक थर बसलेला होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागला आणि झडप अर्धवट उघड्या अवस्थेत जाम झालेली निघाली. मालकाचे म्हणणे होते की इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार तर व्यवस्थित पडते. धार पडते याचा अर्थ पंप पाणी उचलतो एवढाच असतो. ते पाणी प्रत्येक सिलिंडरभोवती पोहोचते की नाही, हे धार सांगत नाही. विक्रेत्याला हे झाकण आपल्यासमोर उघडायला सांगावे. तो टाळाटाळ करू लागला तर पुढे बोलणी करू नयेत.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, तपासावे. इंजिन गरम करून सहाही प्लग काढावेत, इग्निशन बंद ठेवावे, थ्रॉटल पूर्ण उघडावा आणि एकेका सिलिंडरवर गेज लावावा. मिळालेल्या आकड्यापेक्षा सहांमधला फरक महत्त्वाचा, आणि तो दहा टक्क्यांच्या आत हवा. पाच सिलिंडर 110 पाउंड आणि एक 88 दाखवत असेल, तर त्या एकाची रिंग किंवा पिस्टन गेला आहे असे समजून चालावे. बहुतेकदा त्यामागे तुंबलेला जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, असतो: एका सिलिंडरला पेट्रोल कमी पडते, मिश्रण विरळ होऊन जास्त तापते आणि पिस्टनचा माथा वितळू लागतो. खालच्या गिअरपेटीचा बोल्ट सैल करून तेल बघायला मात्र दोनच मिनिटे लागतात. ते दुधासारखे पांढरट निघाले तर सीलमधून पाणी शिरले आहे.

आपल्या मुख्य प्रश्नाला माझे उत्तर 'घेऊ नये' असे आहे. प्रवाशांच्या फेऱ्यांत बोट बराच वेळ धक्क्याजवळ मंद गतीने फिरते, आणि असे मोठे टू-स्ट्रोक इंजिन त्या गतीला प्लग काळे करते, पेट्रोल पिते आणि न जळलेले तेल पाण्यात सोडते. खिंडसीचे पाणी शेतीला जाते, हेही मनात असू द्यावे. त्यापेक्षा लहान, संगणकीय नोंद असलेले आणि शक्यतो गोड्या पाण्यात चाललेले फोर-स्ट्रोक इंजिन शोधावे.

तरीही हेच घेतले, तर सर्वांत आधी त्याचे अ‍ॅनोड बदलावेत. हे धातूचे तुकडे स्वतः झिजून इंजिनाचा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा वाचवतात. समुद्रासाठी ते जस्ताचे असतात. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते काम करेनासे होते. तलावासाठी मॅग्नेशियमचे लावावेत. पेट्रोलबरोबर जळणारे तेल टीसी-डब्ल्यू-3 या बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या दर्जाचेच वापरावे. मोटारसायकलचे टू-टी तेल घालण्याचा मोह होतो, पण त्याची राख साचून बोटीच्या इंजिनात अवेळी ज्वलन सुरू होते.

पेट्रोलची काळजी आपल्याकडे जास्तच घ्यावी लागते. 2025 पासून पंपांवर सर्वत्र 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि आउटबोर्ड इंजिनांच्या उत्पादकांची मर्यादा साधारणपणे 10 टक्क्यांची आहे. इथेनॉलमुळे मिश्रण आणखी विरळ होते, आणि कार्बोरेटरला ते स्वतःहून सावरता येत नाही. त्यामुळे जेट बदलून घ्यावे लागतील आणि जुन्या नळ्याही. पावसाळ्यात टाकीत पेट्रोल पडून राहिले तर इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि पाण्यासह तळाशी वेगळे होते. शोषनळी नेमकी तिथूनच ओढते. पाणी वेगळे काढणारा फिल्टर बसवावा आणि बोट बंद ठेवायची असेल तेव्हा टाकी रिकामी करावी.

मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की ती 25 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. इंजिन पूर्ण थ्रॉटलला ठरलेल्या फेऱ्या गाठत नसेल तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर ढकलणारा, पाण्यातला पंखा लावावा. एक इंच पिच कमी केल्याने दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. पाणी ओसरते तेव्हा गाळ वर येतो आणि पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर त्याने लवकर झिजतो. तो दरवर्षी उन्हाळ्याआधी बदलावा आणि इंजिन पाण्याशिवाय क्षणभरही सुरू करू नये.

प्रश्न : माझ्याकडे मोटारीचे जुने व्ही-8 पेट्रोल इंजिन आहे. ते बोटीत बसवता येईल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : जसेच्या तसे बसवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खाली निघून जाते, बोटीच्या तळात मात्र साचते. म्हणून बोटीचे स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे असतात आणि हवेच्या वाटेवर ज्वालारोधक जाळी असते. मोटारीच्या भागांना हे संरक्षण नसते. हे सगळे भाग बदलून घेतले, तरीही दर वेळी सुरू करण्यापूर्वी इंजिनाच्या खणातला पंखा किमान चार मिनिटे चालवावा, झाकण उघडून पेट्रोलचा वास येतो का ते बघावे, आणि मगच किल्ली फिरवावी.