दोन किमती, बाकी एकच

प्रश्न : माझी मुलगी नववीत शेष सिद्धांत शिकली आहे. (क्ष − १) ने भागताना क्षच्या जागी १ ठेवून बाकी मिळते, हे तिला समजते. मात्र एका सराव परीक्षेत ‘क्षचा ५० वा घात + ३ × क्षचा ७ वा घात + २’ या बहुपदीला (क्षवर्ग − १) ने भागल्यावर येणारी बाकी विचारली होती. तिने १ ठेवले तेव्हा ६ आले आणि −१ ठेवले तेव्हा ० आले. यांपैकी बाकी कोणती मानायची?

उत्तर : दोन्हींपैकी एकही नाही; तरीही खरी बाकी त्याच दोन किमतींवरून मिळते, त्यामुळे मुलीने केलेले काम वाया गेलेले नाही. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी ही समानता क्षच्या प्रत्येक किमतीला खरी असते, आणि ज्या किमतीला भाजक शून्य होतो तेथे भागाकार कितीही अवघड असला तरी तो गुणाकारात नाहीसा होऊन भाज्याची किंमत हीच बाकीची किंमत ठरते. भाजक पहिल्या कोटीचा असेल, म्हणजे त्यात क्षचा सर्वांत मोठा घात १ असेल, तर बाकी ही निव्वळ संख्या असते, म्हणून एका किमतीत काम भागते. भाजक दुसऱ्या कोटीचा असला की बाकीतही क्ष येऊ शकतो. म्हणून ती (म × क्ष) + न अशी मानावी. मग म + न = ६ आणि न − म = ०, म्हणजे म आणि न दोन्ही ३, आणि बाकी ३क्ष + ३.

मला स्वतःला याहून दुसरी रीत अधिक आवडते, कारण ती भाजकाचे अवयव पडत नसतानाही चालते. (क्षवर्ग − १) ने भागताना क्षवर्गाच्या जागी सरळ १ लिहावा : ५० व्या घाताचा १ होतो, ७ व्या घाताचा क्ष होतो, आणि १ + ३क्ष + २ म्हणजे तीच बाकी मिळते. भाजक (क्षवर्ग + १) असता, तर क्षला कोणतीही वास्तव किंमत देऊन तो शून्य झाला नसता. तेथे क्षवर्गाच्या जागी −१ लिहिला की ५० व्या घाताचा −१ आणि ७ व्या घाताचा −क्ष होऊन बाकी १ − ३क्ष येते.

भाजक (क्ष − १) चा वर्ग असेल तर मात्र जपून. तेथे १ ही एकच किंमत हाती असते आणि तिच्यावरून म + न = ६ एवढेच कळते. अशा वेळी क्ष = १ + ह लिहून विस्तार करावा आणि ह-वर्ग व त्यापुढील पदे सोडून द्यावीत, कारण ह-वर्ग म्हणजे भाजकच; उरते ६ + ७१ह, म्हणजेच ७१क्ष − ६५.