सिरॅमिक-रबर चिलखतात टाइल का सुटतात आणि रबर कुठे लावावं

गाडीच्या चिलखताची तुमची मांडणी अशी आहे: समोर 10 मिमी अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड या सिरॅमिकच्या) टाइल, त्याखाली 6 मिमी रबर, मागे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट. एकही गोळी न लागता, नुसत्या रस्त्यावरच्या चाचणीत टाइल तडकतायत, सुटतायत. अ‍ॅल्युमिनाऐवजी सिलिकॉन कार्बाइड हे हलकं सिरॅमिक घेतलं तर दर चौरस मीटरमागे सुमारे 7 किलो वाचतील (39 वरून 32), पण हे दुखणं तसंच राहील. ते आधारात आणि चिकटवणीत आहे.

आधी ते 6 मिमी रबर काढा. अ‍ॅल्युमिना दाब 2000 मेगापास्कलच्या वर सोसतं, पण वाकवलं की 300-400 लाच तुटतं. मऊ बैठकीवर टाइल वाकते आणि तिच्या मागच्या तोंडाला तडा जातो. गोळी लागल्यावर त्यात भर पडते. घनता गुणिले ध्वनिवेग काढला, तर अ‍ॅल्युमिना रबरापेक्षा वीसपट भरतं, त्यामुळे आघाताची दाबलहर रबराच्या सीमेवरून बहुतांशी ताणलहर होऊन उलटते. गोळीचं टोक बोथट व्हायच्या आत टाइलचाच भुगा होतो.

रबराच्या खऱ्या जागा तीन. टाइलच्या बाजूंना अर्धा मिमी, म्हणजे एकीचा धक्का शेजारणीला कमी बसतो. फट याहून रुंद केली तर सांधाच कमजोर होतो. समोरून दीड-दोन मिमीचं आवरण, दगड झेलायला आणि फुटलेले तुकडे जागेवर धरायला. आणि पॅनेल व गाडीच्या सांगाड्यामध्ये बुश (रबरी बैठका), कारण कंपनं तिथेच अडवायची असतात. आवरणाला नैसर्गिक रबर नको, ओझोनने चिरतं आणि डिझेलने फुगतं. ईपीडीएम हे कृत्रिम रबर ऊन-ओझोन सोसतं पण तेलात टिकत नाही. गाडीवर दोन्ही येतं, म्हणून क्लोरोप्रीन हे कृत्रिम रबर बरं.

आता चिकटवणी, इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे 23 मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिना साधारण साडेसात. तापमान 80 अंशांनी बदललं तर 300 मिमीच्या टाइलच्या प्रत्येक कडेला 0.19 मिमी सरक येते. 0.4 मिमीच्या थरात ती जवळपास 47 टक्के कातर-विकृती (थराच्या जाडीच्या तुलनेत आडवी सरक) झाली; कडक इपॉक्सी उखडणारच. टाइल 50 मिमीची घेतली की हाच आकडा 8 टक्क्यांवर येतो आणि लवचीक पॉलियुरेथेन तो आरामात सोसतं. थर फार जाड केला तर आधार मऊ पडतो, म्हणून 0.3 ते 0.5 मिमीच ठेवा. जाडी एकसारखी राहावी म्हणून त्यात 0.4 मिमीचे काचेचे मणी मिसळा.

दोन्ही पृष्ठभाग ग्रिट ब्लास्ट करा (कठीण कणांच्या माऱ्याने खडबडीत करा), अ‍ॅसिटोनने पुसा, लगेच प्राइमर लावा. टाइल आधी ओव्हनमध्ये सुकवा. पॉलियुरेथेनला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटून बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्यावरची टाइल अधांतरी असते. व्हॅक्यूम बॅगखाली, म्हणजे हवा काढलेल्या पिशवीच्या दाबाखाली, चिकटवणी जमू द्या.

नव्याकोऱ्या पॅनेलवर गोळीबार करून निष्कर्ष काढू नका. आधी त्याच पॅनेलला उणे 40 ते अधिक 70 अंशांची आवर्तनं आणि कंपनचाचणी द्या, मग ठोकून आवाज ऐका: बद्द वाजलं तिथे सांधा सुटलाय. तडे एक्स-रेमध्ये शोधा. त्यानंतरच स्टॅनॅग 4569 ची (चिलखती गाड्यांच्या संरक्षणाचं नाटोचं मानक) ठरवलेली पातळी लावा. तिसऱ्या पातळीला 7.62×51 ची चिलखतभेदी गोळी 930 मीटर प्रतिसेकंद वेगाने येते. त्यातला एक मारा मुद्दाम तीन टाइल जिथे भेटतात त्या बिंदूवर घ्या.